पगार दर रविवारी

सेक्टर ६, भिलाई
१० मे

सौ. मैनाबाईस,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. पण मी फोन करावा तेव्हा तू आपल्या लेकीच्या, दिपालीच्या बाळाला तेल लावत असतेस, फोन स्पीकरवर पडलेला असतो आणि शेजारी विहीणबाई बसलेल्या. काल मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं, तर त्यांनीच उत्तर दिलं, "जेवल्या हो, दोन पोळ्या खाल्ल्या!" आता अशा फोनवर माणूस बायकोशी भांडणार तरी कसा? म्हणून हे पत्र. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिलंच.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. दुर्ग स्टेशनावर गाडीत चढता चढता तू म्हणालीस, "शुभमचे बाबा, तीस जूनले रिटायर झाले का खुशाल गावाले जा. मी भिलाई सोडून येत नाही. तुमी नाही आयकलं तं मी दिपालीकडेच राहीन." आणि गाडी सुटली. माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं, ते आता ऐक. क्वार्टर कंपनीचं आहे. मी रिटायर झालो की ते सोडावंच लागणार. शुभम दुर्गला भाड्याने घर घेईल, तिथून त्याला रसमड्याची फॅक्टरी जवळ पडेल. आणि आपण दोघं गावाला. देवीदास भाऊने दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात, वैनगंगा हाकेच्या अंतरावर. अडतीस वर्षं मी रेल मिलचा भोंगा ऐकला, आता जरा पाखरं ऐकावीशी वाटतात. यात तुला काय खुपतं?

असो. शिल्लक सुट्ट्या काढून मी घरीच बसलोय. शुभम आणि सूनबाई कामावर जातात आणि मोना-गोलूची शाळा बंद. म्हणजे दिवसभर मी आणि ही दोन वानरं. दर अर्ध्या तासाला "आबाजी, मॅगी", "आबाजी, पेप्सी". त्या रंगीत बर्फाच्या नळीला ही पोरं पेप्सी म्हणतात. काल मी गोलूला म्हटलं, "बेटा, पैसे काय झाडाले लागते?" तर तो म्हणतो, "झाडाले नाही लागत आबाजी, पप्पाच्या फोनमधी ऱ्हायते. ते संपत नाही, बॅटरी संपते."

सहा वर्षांचं पोर. म्हटलं मारोतराव, नातवंडांना पैसा म्हणजे काय ते शिकवल्याशिवाय इथून हलायचं नाही. उद्यापासून या घरात मिलसारखा कारभार. काम, हजेरी आणि पगार दर रविवारी.

बाळाला माझ्याकडून एक पापा.

तुझा,
मारोतराव


सेक्टर ६, भिलाई
२२ मे

सौ. मैनाबाईस,

तुझं कार्ड मिळालं. "पोरांले कंजूस नका बनवू, आन् कूलरमधी पाणी भरत जा." नागपूरला बसून उंटावरून शेळ्या हाकतेस! कूलरमध्ये पाणी भरणं हे आता मोनाचं खातं आहे. गोलूकडे कपड्यांच्या घड्या आणि खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी उचलणं. पगार प्रत्येकी आठवड्याला चाळीस रुपये.

१४ तारखेला, रविवारी, पहिला पगार झाला. दोघांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातावर वीस रुपये ठेवले. गोलूने मोजले, पुन्हा मोजले.

"आबाजी, चाळीस म्हनले होते नं? वीसच कावून?"

"कटौती झाली. क्वार्टरचे पाच, बिजलीचे पाच, पीएफचे दहा."

"कोनं कापले?"

"कंपनीनं."

"कंपनी कोन?"

"मी."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे जुने साहेब आठवले. मग मी पीएफ समजावला, की हे पैसे तुझेच, फक्त आज मिळत नाहीत. "मिळत नाही तं माझे कसे?" मैना, अडतीस वर्षं माझा पीएफ कापला गेला, पण हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

मोनाने तिचे वीस कंपासपेटीत ठेवले. गोलूने दुपारपर्यंत स्वतःला आणि पाच दोस्तांना पेप्सी पाजून खिसा रिकामा केला आणि सोमवारी ॲडव्हान्स मागायला आला. मी म्हटलं, "बेटा, अंथरूण पाहून पाय पसरावे." तो म्हणाला, "मले अंथरूनच नाही. मी तुमच्या गादीवर झोपतो."

मी ॲडव्हान्स नाकारला. मंगळवारी दुपारी उठलो तर कूलर गरम हवा फेकून राहिलेला, टाकी कोरडी ठणठणीत, आणि दारात दोघं उभी. मोनाच्या हातात झाडूला बांधलेली तुझी लाल ओढणी. "आबाजी की तानाशाही नहीं चलेगी!" गोलूला तानाशाही म्हणता येत नव्हतं, पण आवाज त्याचाच मोठा. सगळा ब्लॉक गॅलरीत गोळा झाला.

हे डोकं त्यांचं नव्हे. बाजूच्या क्वार्टरचा भैयालाल, तीस वर्षं युनियनमध्ये काढलेला माणूस, पोरांच्या मागे मिशीत हसत होता. मला म्हणतो, "लइका मन के मांग जायज हे, मारोतराव. बइठ के गोठियावव." म्हणे पोरांची मागणी रास्त आहे, बसून बोला! त्याच्याच ओट्यावर वाटाघाटी झाल्या. पोरांचं म्हणणं असं की पीएफच्या डब्याची चावी त्यांच्याकडे पाहिजे आणि डब्यात पडून राहिलेल्या पैशावर काहीतरी वाढ मिळाली पाहिजे. मी दहा रुपयांवर आठवड्याला एक रुपया कबूल केला. भैयालाल मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, इतकं व्याज तर कोणतीच बँक देत नाही, तू बुडशील. हे त्याने करार झाल्यावर सांगितलं.

ॲडव्हान्स मात्र मी दिला नाही. आणि ऐक, त्यात मोना माझ्या बाजूने उभी राहिली. भावाला म्हणाली, "तू संडेले सगळे उडवले तं आता संडेपर्यंत थांब. मी पन थांबून राहिली नं." गोलू थांबला. रोज संध्याकाळी पेप्सीवाल्याच्या गाडीकडे बघत उभा राहायचा, पण थांबला. माझं काळीज तुटत होतं. दोनदा खिशात हात गेला, दोनदा बाहेर काढला. हे शिकवणं शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला जड जातं बघ.

तुझा,
मारोतराव

ता. क. ओढणी धुऊन ठेवली आहे.


सेक्टर ६, भिलाई
१ जून

सौ. मैनाबाईस,

काल दोघांना स्कूटरवर घेऊन दुर्गकडे जरा चक्कर मारून आलो. चक्कर म्हणजे शुभमसाठी भाड्याचं घर पाहायला. त्याला रविवारशिवाय सवड नाही आणि क्वार्टर सोडायचे दिवस जवळ आले. म्हटलं पोरांनाही कळू दे, बाजारात काय भाव चाललाय.

घर बरं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. मालकाने भाडं नऊ हजार सांगितलं. गोलू पुढे झाला आणि मोठ्या माणसासारखा म्हणाला, "अंकल, बहुत ज्यादा है. हमारे यहाँ तो पाँच रुपये कटते हैं. बिजली के पाँच अलग."

मालकाने गोलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सेक्टर से आए हो ना? सब सेक्टरवाले यहीं अटकते हैं."

मला हसू आवरेना. पण माझी पण तीच गत, तुला म्हणून सांगतो. मी मालकाला विचारलं, "नळ बिघडला तर कंप्लेंट कुठे लिहायची? माणूस किती दिवसांत येतो?" तो म्हणाला, "वह आदमी आप ही हो." हयात कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेली, मैना. दिव्याचं बटण तुटलं तरी मेंटेनन्सवाला येऊन लावून जायचा. पोराला मी काय हसू? पाच रुपयाचा हिशेब त्याला शिकवला कोणी?

येताना मोना गप्प होती, उन्हाने थकली असेल. बाकी इकडे आनंदीआनंद. देवीदास भाऊचा फोन आला होता, खोल्यांना चुना मारून घेतलाय म्हणे. मी खूश आहे. तुझं तिकीट कधीचं काढू ते कळव.

तुझा,
मारोतराव

आजी, मी मोना. चिट्ठी डब्यात टाकायला मी जाऊन राहिली म्हणून हे लिहून राहिली. आबाजी खुश नाही आहेत. घर पाहून मी विचारलं की आबाजी, दोनच खोल्या आहेत तर तुमची आणि आजीची खोली कुठी आहे? ते म्हणाले आमाले इथं खोली नाही लागत, आमी गावाले राहू, तुमी सुट्टीमधे या. मी नाही रडली. गोलू रडला. मग आबाजीनी स्कूटर थांबवून चष्मा पुसला. म्हणाले धूल गेली. धूल नव्हती. आजी, तुमी दोघं जाऊ नका. बाळाला माझी पप्पी. मी पगार जमा करून राहिली.


सेक्टर ६, भिलाई
१५ जून

सौ. मैनाबाईस,

तुझं कार्ड आलं. "मोनानं लिहिलेलं मी वाचलं. तुमी कवा वाचसान?" मला कळेचना. शेवटी मोनाला समोर बसवलं तेव्हा तिने सांगितलं, माझ्या पत्राखाली तिने काय काय लिहून पाठवलं ते. घरात गुप्तहेर पाळलाय मी. म्हणून हे पत्र मीच पेटीत टाकणार आहे.

हो, चष्मा पुसला. धूळ नव्हती. झालं समाधान? पण म्हणून काय झालं, पोरं आहेत, चार दिवस रडतील आणि विसरतील. सगळ्यांची पोरं विसरतात.

तुला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. माझी शिकवणी फळाला आली. उद्यापासून शाळा सुरू, आणि गोलूने दोन आठवड्यांत एकही पेप्सी खाल्ली नाही. पगार हातात पडला की सरळ डब्यात. मोना तर ओव्हरटाइम मागते. माझे बूट पुसते, भैयालालच्या झाडांना पाणी घालते, तो तिला रोजचे दोन रुपये देतो. मी छाती फुगवून सगळ्या ब्लॉकला सांगत सुटलो. मग मात्र भीती वाटायला लागली. सहा वर्षांच्या पोराने पेप्सीकडे बघूच नये हे बरं लक्षण नव्हे. तू म्हणालीस तसे कंजूस तर झाले नाहीत? मी गोलूला म्हटलं, "बेटा, एखादी खा. मी देतो पैसे." तर म्हणाला, "नको, नगदच द्या." कशासाठी जमवतोस विचारलं तर तोंडाला कुलूप.

म्हणून परवा त्यांना गरज आणि हौस यातला फरक शिकवला. गरजेला आधी पैसा, उरला तर हौसेला. मी एकेक वस्तूचं नाव घ्यायचो आणि त्यांनी सांगायचं. पाणी? गरज. पेप्सी? हौस. कूलर? दोघंही ओरडली, गरज! मग गोलूने मलाच विचारलं, "आबाजी, आजी?"

सूनबाई तिथेच भाजी चिरत होती. शुभम दारात बूट काढत होता. मी म्हटलं, "आजी दोन्ही." सूनबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. तुला आता सांगतो मैना, विहीणबाईंना वाचून दाखवू नकोस. तू गेल्यापासून या घरात चहा होतो पण चहा प्याल्यासारखं वाटत नाही.

पंधरा दिवस राहिले. तू शेवटच्या दिवसाला तरी येशील असं वाटलं होतं, पण बाळाला सारखा ताप येतो म्हणतेस तर राहू दे. बाळाला जप.

तुझा,
मारोतराव


सेक्टर ६, भिलाई
१ जुलै

प्रिय मैना,

काल रिटायर झालो. मिलमध्ये शाल, श्रीफळ, भाषणं झाली. साहेबाने माझं नाव बरोबर घेतलं. मग मिलमधल्या पोरांनी गुलाल उधळून, ढोल वाजवत मला घरापर्यंत सोडलं. ढोल वाजत होता तोवर बरं वाटलं. तो गेला आणि मी जिन्यातच उभा राहिलो. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, हेच डोक्यात.

वर आलो. दार लोटलेलं होतं. आत माझ्या खुर्चीत मोना बसलेली, बाजूच्या स्टुलावर गोलू, डोक्यावर माझं हेल्मेट, नाकापर्यंत आलेलं. मी आत पाऊल टाकलं तर मोना म्हणाली, "बाहर रुकिए. नंबर आएगा तब बुलाएँगे." मी बाहेर थांबलो. शुभम आणि सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभे, दोघांनाही काही माहीत नव्हतं. माझ्याशिवाय दुसरा कोणी उमेदवार नव्हता, तरी दोन मिनिटं थांबवलं. मग गोलूने हाक मारली.

"नाम?" मोनाने विचारलं.

"मारोतराव."

"अनुभव?"

"अडतीस साल. रेल मिल."

"छोड़ा क्यों?"

"छोड़ा नहीं, मॅडम. साठ पूरे हो गए."

मोनाने गोलूकडे पाहिलं. गोलूने हेल्मेट वर करून मान डोलवली. मोना म्हणाली, "हमारे यहाँ उम्र नहीं देखते."

मैना, साहेबाच्या भाषणात मी रडलो नव्हतो.

मग तिने मराठीत काम सांगितलं. "शाळेत सोडनं, आननं. गोलूचे पहाडे पाठ करून घेनं. रात्री एक गोष्ट, ती पन जुनी नाही पायजे. हप्त्याले चाळीस रुपये."

मी विचारलं, "कटौती?"

गोलू म्हणाला, "क्वार्टरची नाही, बिजलीची नाही. पीएफ कापनार. तुमच्याच भल्यासाठी कापून राहिलो." गुरूची विद्या गुरूला!

"नोकरी परमनंट आहे का?" मी विचारलं.

"परमनंट," मोना म्हणाली. "पन ड्युटी भिलाईतच. गावाले ट्रान्स्फर मांगायची नाही." आणि तिने डबा टेबलावर पालथा केला. नाणी, दहाच्या नोटा, भैयालालचे दोन-दोन रुपये. "दोन महिन्याचा पगार आहे. तोवर आमी आनखी कमावू."

दीड महिना मी या पोरांना शिकवत होतो की पैसा जपून वापरा, आधी गरज बघा. त्यांनी बघितली. पेप्सी सोडून त्यांनी मला विकत घ्यायचं ठरवलं, आणि मी सगळ्या ब्लॉकला सांगत फिरलो की पोरं काटकसरी झाली. चार दिवसांत विसरतील म्हणालो होतो. मी त्या गुलाल लागलेल्या तोंडाने दोघांना पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडलो. शुभमही रडला. सूनबाईने नोकरीच्या आनंदात शिरा केला.

रात्री देवीदास भाऊला फोन लावला. घाबरत सांगितलं. तो हसला. "मले तं पयलेच मालूम होतं. खोल्यांमधी मी कांदे टाकले. दिवाडीले या, कांदे हटवून देतो." म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. वैनगंगा कुठे जात नाही, मैना. दिवाळीला जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, चार दिवस पाखरं ऐकून परत येऊ.

आता पुढचं. क्वार्टर सोडायला थोडी मुदत आहे. दोन खोल्यांचं घर आता चालणार नाही, सहा माणसांचं पाहिजे, आणि भाड्याचं नको. माझा पीएफ आहे, तो असाच दिवस बघून कापला होता. पण घर तूच बघायचंस. नळ, ऊन, शेजार, यातलं मला काही कळत नाही, हे दुर्गच्या त्या मालकालाही कळलंय. बाळ पुरतं बरं झालं आणि दिपालीने हो म्हटलं की कळव, मी घ्यायला येतो. रविवार सोडून ये, रविवारी माझा पगार असतो.

हे लिहीत होतो तेव्हा दोघं बाजूला बसली होती. गोलूने विचारलं, "मोनादीदी, आजीले पन कामावर ठेवायचं का?" मोनाने बराच विचार केला. डब्यात राहिलेली नाणी वाजवून पाहिली. मग म्हणाली, "नाही. आजीले पगार देनं आपल्याले परवडत नाही. तिले मालकीन करू."

मंजूर आहे का, मालकीणबाई?

तुझा, आणि कालपासून यांचा नोकर,
मारोतराव